मालकांचं लाकूड, माझी तार

आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एकच भांडण चालू आहे. गिटारीचा आवाज लाकडात असतो की तारेत? मालक म्हणतात लाकडात, मी म्हणते तारेत. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं नवऱ्याला असंच म्हणतात, आणि कशाचे मालक असं विचाराल तर शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडचे. त्या शेडमध्ये आम्ही दोघं इलेक्ट्रिक गिटारी बनवतो. ज्याला जशी पाहिजे तशी, एका वेळी एकच.

हे ऐकलं की लोकांना मोठं कौतुक वाटतं. कोल्हापुरात गिटारी? वा वा! मला आता त्या 'वा वा'चाही कंटाळा आलाय. कौतुक करणाऱ्यांना माझी मान दुखते ते दिसत नाही, आणि पावसाळाभर लाखेचा हात वाळत नाही म्हणून मालक घरात जी आदळआपट करतात तीही ऐकू येत नाही.

मालक मूळचे पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा करतात. पंपाची बॉडी असो नाहीतर ट्रॅक्टरचा कुठला भाग, आधी तो मालकांच्या हातून लाकडात उतरायचा. पुढं कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली, नमुने धातूचे आणि प्लास्टिकचे झाले, आणि मालकांकडं नुसत्या पटाशा राहिल्या. त्या वर्षी ते शेडमध्ये जाऊन नुसते बसायचे. चहा घेऊन गेलं तर म्हणायचे, ''ठेव तितं.'' संध्याकाळी तो कप तसाच साय धरून बसलेला असायचा.

अशात एका ऑर्केस्ट्रावाल्यानं मान तुटलेली गिटार आणून दिली. तुम्ही लाकडातलं सगळं करता, ही जोडता येते का बघा, म्हणाला. मालकांनी ती जोडली, पण त्याआधी सगळी उकलून बघितली. मग तशीच दुसरी बनवली. ती दिसायला झकास होती, पण वाजेना, कारण आतलं पिकअप कुणी करायचं? तिथं मी आले. माझ्या वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. उसाच्या मळ्यातल्या जळलेल्या मोटारी यायच्या आणि जुनी तार काढून नवी भरायचं काम आम्ही बहिणी शाळेतून आल्यावर करायचो. जळक्या वार्निशचा वास अजून माझ्या नाकात आहे. पिकअप म्हणजे तरी काय, लोहचुंबकावर गुंडाळलेली तांब्याची तार. मी म्हटलं, आणा इकडं.

मोटारीची तार आणि ही तार यात फरक एवढाच की ही केसाहून बारीक असते. शिलाई मशिनची मोटर लावून मी एक यंत्र केलंय. ते फिरतं आणि मी चिमटीतून तार सोडत राहते. ओढून धरली की तुटते. सैल सोडली तर वेढे आत हलतात आणि पुढं स्पीकर किंचाळतो. हजारो वेढे होतात, त्यात शिंक आली तर दुपार फुकट. गुंडाळून झालं की पातेल्यात मेण वितळवून त्यात ते बुडवायचं, म्हणजे मेण आत शिरून वेढे जागच्या जागी बसतात. वेढे जास्त भरले की आवाज जाड होतो, भारदस्त होतो, वरचा तिखटपणा कमी होतो. कमी भरले की आवाज उघडतो, चमकतो, आणि फारच कमी भरले तर कानात सुई गेल्यासारखं होतं.

मालकांचं काम वेगळं. ते लाकूड निवडतात, ठोकून बघतात, दोन फळ्या कडेला कड लावून सरसात शिकंज्यांनी आवळतात, मग अंगाचा आकार कापतात. मानेच्या आत पोलादी सळई बसवतात, नाहीतर तारांच्या ताणानं मान धनुष्यासारखी वाकते. मानेवरच्या पट्टीत बारीक खाचा पाडून त्यात फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या बारीक तारा, ठोकतात. एक फ्रेट नखाएवढा वर राहिला तरी तार खडखडते. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मानेवर बोट फिरवलं तर कुठं काही अडकत नाही. हे मी भांडणातही कबूल करते.

पण आवाज लाकडात? मी त्यांना हजारदा सांगितलं असेल. तार पोलादाची, ती चुंबकावर हलते, त्यानं वेढ्यांत वीज होते आणि ती वीज स्पीकरला जाते. यात तुमचं लाकूड आलं कुठं? यावर ते म्हणणार, ''आन् तार बांदलीया कशावर? हवंत?'' एकदा मी चिडून जेवायच्या पाटावर तार ताणली, खाली पिकअप बसवलं आणि वाजवून दाखवलं. छान वाजलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''पाटबी सागवानीच हाय की.'' मी पाट धुऊन पुन्हा जेवायला घेतला.

गिऱ्हाइकं पुण्याची, बेंगलोरची, गोव्याची. मोबाइलवर लांबलचक निरोप पाठवतात. आवाज कडक पाहिजे पण गोड पाहिजे, पुढं येणारा पाहिजे पण अंगावर येणारा नको. मी मालकांना विचारते, यांना गिटार पाहिजे का सून? असं असलं तरी आजवर बहुतेकांनी गिटार नेली ती खुशीनं नेली. त्याचं कारण मालक समजतात ते नव्हतं, आणि इथंच माझ्या जिवाला घोर होता.

मालकांचे कान गेले होते. पूर्ण नाही. बोललेलं ऐकू यायचं, फक्त थोडं मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि कोल्हापुरात कुणाला तेवढ्यानं संशय येत नाही. पण वरचे, बारीक, तीक्ष्ण आवाज त्यांच्यासाठी उरलेच नव्हते. आयुष्य सगळं रंध्याच्या मशिनशेजारी आणि फौंड्रीच्या ग्राइंडरशेजारी गेलं, त्याचं हे फळ. मला पहिल्यांदा कळलं ते कुकरमुळं. मी बाजारात गेलते आणि त्यांना सांगून गेलते की शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. आले तर घरभर धूर आणि मालक ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेले. म्हणाले, ''शिट्टी झालीच न्हाय.'' दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नवी शिट्टी घेऊन आले. तीही त्यांच्या लेखी खराब निघाली.

गिटारीचंही तसंच व्हायला लागलं. तयार झालेली गिटार स्पीकरला लावायची, तार छेडायची आणि म्हणायचं, ''मंद हाय. वेढं कमी कर.'' मी कमी केले की पुन्हा, ''अजून मंद हाय.'' तोवर माझ्या दाढा आंबलेल्या असायच्या. अशी एक गिटार पुण्याला गेली आणि परत आली. गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, सहन होत नाही. ते वाचून मालक दोन दिवस जेवले नाहीत. फौंड्रीचं काम गेलं तेव्हाही ते जेवत होते. तेव्हा त्यांना वाटायचं की मशीन आलं, त्याला आपण काय करणार. पण कान हा त्यांचा स्वतःचा होता. गिटारीचा शेवटचा शब्द त्यांचा, एवढंच त्यांना उरलं होतं, आणि ते मी कोणत्या तोंडानं काढून घेणार?

म्हणून मी सांगितलं नाही. ते म्हणाले वेढे कमी कर, मी म्हणायचे बरं, आणि यंत्रापाशी बसून मला पाहिजे तेवढे भरायचे. त्यांच्या हिशोबापेक्षा जास्त. गिटार त्यांना मंद वाटायची, पण गिऱ्हाईक खूश होऊन नेतंय म्हटल्यावर ते गप्प बसायचे. मला त्यात काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. फक्त दमणूक फार झाली. दर गिटारीला त्यांच्या कानासाठी एक उत्तर आणि माझ्या कानासाठी दुसरं, आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. सासुरवास मी फारसा काढला नाही, तो असा म्हातारपणी वाट्याला आला.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांची गिटार झाली. हे दातांचे डॉक्टर. घरची शेती हातकणंगल्याकडं, जैन कुटुंब, दवाखाना कोल्हापुरात. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघायची आणि रविवारी मित्रांबरोबर गिटार वाजवायची. फार वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडून एक नेली होती. आता दुसरी पाहिजे होती आणि तिला लाकूड त्यांचं स्वतःचं होतं. त्यांच्या वडिलांनी बांधावर सागवान लावला होता. वडील वारले आणि नंतरच्या वादळात त्यातलं एक झाड पडलं. डॉक्टरांनी त्याच्या फळ्या पाडून आमच्या शेडमध्ये आणून टाकल्या. मालकांनी त्या चांगल्या तीन उन्हाळे वाळवल्या. मधेच कुणी फळीला हात लावला की खेकसायचे. माझ्यावरसुद्धा.

ती गिटार करताना मालक अगदी तरुण झाले होते. दोन्ही फळ्यांच्या रेषा एकमेकीला अशा जुळवल्या की जोड दिसेना. मला विचारायला आले, ''पिकअप कवा देतीस?'' मी विचारलं, वेढे किती घेऊ? तर म्हणाले, ''नेहमीसारकंच घे.'' मला जरा नवल वाटलं, कारण कमी कर म्हणाले नाहीत. पण मी नेहमीसारखेच घेतले, म्हणजे माझ्या नेहमीसारखे. आतली जोडणी, म्हणजे बटणं, सोल्डर, वायरी, हे त्यांचं काम. त्यांनी ते केलं, मागचं झाकण बसवलं आणि स्क्रू आवळले.

रविवारी दुपारी डॉक्टर आले. येताना घरचा गूळ घेऊन आले होते. गिटार हातात घेऊन आधी तिच्यावरून हात फिरवत राहिले. मग स्पीकरला लावली आणि वाजवायला सुरुवात केली.

आवाज आला तो कांबळ्यातून आल्यासारखा. कुणीतरी गिटारीच्या तोंडावर उशी दाबून धरावी तसा. डॉक्टरांनी बटणं फिरवली, स्पीकरवरची फिरवली, पुन्हा वाजवलं. तेच. मी यंत्रापाशी बसून होते. मालक गिटारीकडं बघत होते.

''काका,'' डॉक्टर जपून म्हणाले, ''जरा झाकल्यासारखं वाटतंय का?''

मालकांनी पाहिलं ते डॉक्टरांकडं नाही, माझ्याकडं. आणि माझ्या तोंडावरून त्यांना काय ते कळलं. ''व्हय,'' म्हणाले. ''झाकलंय.''

डॉक्टर खाली बसले आणि म्हणाले, ''मग लाकडातच नसेल हो काका. आमच्या वडिलांनी लावलं म्हणजे त्यात आवाज असलाच पाहिजे असं थोडंच आहे? बांधावरचं झाड ते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी घरात टांगून ठेवतो.''

मालकांनी मान खाली घातली. आयुष्यभर आवाज लाकडात, आवाज लाकडात म्हणून माझं डोकं खाल्लेला हा माणूस आता त्या लाकडावर ठपका येताना गप्प उभा होता. आणि समोर हा डॉक्टर, बापानं लावलेलं झाड मुकं निघालं असं मनाशी धरून परत जाणार. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. बहुतेक माझाच, आणि त्या दमणुकीचा.

''लाकडाला काय बी झालेलं न्हाय,'' मी म्हणाले. ''वेढं मी जास्त घेतल्यात.''

मालक वळले. ''किती जास्त?''

''नेहमी घेतो तेवढंच.''

''नेहमी?''

''पुण्याची गिटार परत आली, तवापास्नं.''

''मी कमी सांगत हुतो.''

''व्हय. मी जास्त घेत हुतो.''

मला वाटलं आता पटाशी फेकतील. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, गिटार पालथी केली आणि मागचं झाकण उघडलं. मी वाकून बघितलं. आत त्यांनी नेहमीचं बटण घातलंच नव्हतं. वरचा तिखट आवाज खाऊन टाकणारं, कमी ताकदीचं घातलं होतं. शिवाय एक कपॅसिटर आडवा सोल्डर केला होता. त्याचं काम एकच, उरलासुरला बारीक आवाज गिटारीतून बाहेर पडायच्या आत जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, पाठवून द्यायचा. बटण कितीही फिरवा, तो कापणारच. असा कपॅसिटर त्यांनी आजवर कुठल्याच गिटारीत घातला नव्हता.

''हे कशापायी?'' मी विचारलं.

मालक हसले. वाईट हसले. मग माझ्याऐवजी डॉक्टरांना सांगायला लागले.

''डाक्टर, लोखंड वतलं की गार हुताना आकसतंय. म्हून लाकडाचा नमुना वाईच मोठा करायचा आसतोय. त्येला आमी अलाउन्स म्हणतो. पर कवा कवा काय हुतंय, ड्रॉइंगवाला आदीच अलाउन्स धरून माप टाकतोय, आन् पॅटर्नवाल्याला त्ये ठावं नसतंय, त्यो त्यावर आपला येगळा देतोय. दोगं बी शाणं. आन् माल आसा निगतोय की कशात बसत न्हाय. लॉटच्या लॉट परत भट्टीत.'' त्यांनी कपॅसिटरवर बोट ठेवलं. ''ह्यो माजा अलाउन्स. माज्या कानाचा. मला वाटलं, ही मी सांगतो तसं वेढं कमी घेतीया, म्हंजी गिटार वरडणार, आन् त्ये मला कळणार न्हाय. म्हून मी आपलं अंदाजानं कापलं.''

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी मेणाच्या पातेल्याकडं. म्हणजे यांना ठाऊक होतं. किती दिवसांपासून, देव जाणे. मी इतकी वर्षं जे त्यांच्यापासून झाकलं ते हे माझ्यापासून झाकत होते, आणि एकाच घरात, एकाच ताटलीतली भाकरी मोडून खात होतो.

''कवापास्नं ठावं हाय?'' मी विचारलं.

''औंदा संक्रांतीला परत नवी शिट्टी आणली न्हवं, तवा,'' मालक म्हणाले. ''दुकानदारानं माज्यासमोर कुकर चढवून वाजवून दाखवली. दुकानातली समदी कान झाकून हुबी, आन् मी आपला म्हंतोय, वाजवा की.''

हे सांगतानाही त्यांना हसू येत होतं. मला मात्र रडू फुटलं, आणि डॉक्टरांसमोर फुटलं म्हणून आणखी राग आला. पदरानं तोंड पुसलं आणि यंत्रावरची धूळ झाडत बसले.

''आता गप,'' मालक म्हणाले. ''येक सांग. कान गेलंय त्ये ठावं हाय मला. किती गेलंय त्ये ठावं न्हाय. बिडाला येगळा अलाउन्स, पितळंला येगळा. किती द्यायचा त्ये आदी कळाय पायजे. मला माजं मापता येत न्हाय. तू रोज बगतीस. किती गेलंय?''

हेच मला सांगायचं नव्हतं. कान गेले म्हणणं वेगळं आणि किती गेले ते सांगणं वेगळं. तार छेडल्यावर नखाचा जो बारीक खर्र आवाज येतो, त्यावरून वाजवणाऱ्याचा हात ओळखता येतो, तो त्यांना येत नव्हता. वरच्या तारेचं शेवटचं कंप पावणं येत नव्हतं. ज्यासाठी माणसं पुण्याहून इथवर येतात त्यातलं निम्मं त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि ते आम्ही विकत होतो.

''लई,'' मी हळूच म्हणाले.

मालकांनी हात कानामागं धरला. ''आं?''

''लई गेलंय.''

''मोट्यानं बोल की!''

''लई गेलंय!'' मी ओरडले. ''वरचं समदं गेलंय! नखाचा आवाज न्हाय, तारंची धार न्हाय, काय बी ऱ्हायलं न्हाय!'' शेजारच्या वर्कशॉपमधला माणूस दारात येऊन बघून गेला.

मालक कपॅसिटरकडं बघत राहिले. ओठ हलत होते, मनात काहीतरी मांडत असावेत.

''मग माजं माप बरुबर हुतं,'' ते म्हणाले. ''येवढंच कापलं हुतं मी.''

त्यांनी कटर उचलला आणि स्वतःचा कपॅसिटर तोडून काढला. ते बटणही काढून नेहमीचं लावलं. मी म्हटलं, माझे वेढे काढून देते, उद्यापर्यंत नवीन भरते.

''नगं,'' म्हणाले. ''तुजं ऱ्हाऊ दे.''

झाकण न लावताच त्यांनी गिटार डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी एक तार छेडली, मग दुसरी, आणि मग ते सगळं विसरून वाजवायलाच लागले. त्यांच्या वडिलांचं झाड भरल्या गळ्यानं बोलत होतं, आणि ते लाकूड बोलत होतं का माझी तार, यावरून भांडायची मला त्या वेळी जराही इच्छा नव्हती. आपलं ऐकावं म्हणून मी इतकी वर्षं जीव खाल्ला होता. आता ते ऐकायला तयार होते, तर मला ते नको होतं.

मालकांनी गिटारीकडं पाहिलंच नाही. डॉक्टर वाजवत होते तोवर ते माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले, मी काय म्हणते याची वाट बघत.